गाडी रद्द झाली, आता पुढे काय? प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन सुरू होतात. कोणाचं गणपतीला गावी जायचं तिकीट असतं, कोणाच्या मुलीची पुण्यात परीक्षा असते, कोणाला चार महिन्यांनी मुंबईतल्या डॉक्टरांची तारीख मिळालेली असते आणि नेमकी त्याच दिवशीची गाडी रद्द होते. फोनवर पुन्हा पुन्हा दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. नियम भारतीय रेल्वेचे आहेत. तिकीट रद्द करण्याचे आणि परताव्याचे मूळ नियम २०१५ सालचे, १२ नोव्हेंबर २०१५ पासून लागू झालेले.

गाडी रद्द झाल्याचं कळलं. लगेच ॲपवर जाऊन तिकीट रद्द करू का?

नको. लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात.

तुम्ही तिकीट रद्द करणं आणि रेल्वेने गाडी रद्द करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही स्वतः बटण दाबलंत, तर सिस्टिमच्या दृष्टीने तुमचा जायचा बेत फिरला. मग नेहमीसारखे पैसे कापले जातात, आणि कन्फर्म तात्काळ तिकीट असेल तर हाती काहीच लागत नाही. रेल्वेने आरक्षण प्रणालीत गाडी रद्द झाल्याची नोंद केली, की ई-तिकिटाचं पूर्ण भाडं आपोआप परत निघतं. त्यासाठी तिकीट रद्द करावं लागत नाही, टीडीआर (म्हणजे परताव्याचा दावा) भरावा लागत नाही, कोणाला फोनही करावा लागत नाही.

अडचण मधल्या काही तासांची असते. बातमी वाऱ्यासारखी पसरलेली असते, व्हॉट्सॲपवर यादी फिरत असते, पण प्रणालीत नोंद झालेली नसते. त्या वेळात बटण दाबणाऱ्याचं नुकसान होतं. मार्च २०२० मध्ये देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या, तेव्हा आयआरसीटीसीने लोकांना हेच सांगितलं होतं की तिकीट स्वतःहून रद्द करू नका, पूर्ण पैसे आपोआप येतील. तरी घाबरून अनेकांनी केलंच. थोडा धीर धरा, इतकंच सांगणं आहे.

पण गाडी खरंच रद्द आहे हे खात्रीने कुठे कळेल?

१३९ वर फोन करा किंवा एनटीईएस, म्हणजे गाड्यांची स्थिती दाखवणारं रेल्वेचं ॲप उघडा. एनटीईएसमध्ये रद्द, अंशतः रद्द, वेळ बदललेल्या आणि मार्ग बदललेल्या गाड्यांच्या याद्या वेगवेगळ्या असतात. तारीख नीट बघा. लांब पल्ल्याच्या गाडीची तारीख ती जिथून निघते तिथली असते. हावड्याहून काल सुटलेली गाडी तुमच्या भुसावळला आज येते, म्हणजे तुम्हाला कालच्या तारखेची यादी बघायची आहे. ही चूक अगदी मुरलेले प्रवासीसुद्धा करतात.

स्टेशनवरच्या घोषणेत चार वेगळे शब्द येतात आणि चारींचे परिणाम वेगळे असतात. 'रद्द' म्हणजे गाडी निघणारच नाही. 'अंशतः रद्द' म्हणजे ती वाटेतल्या एखाद्या स्टेशनापर्यंतच धावेल किंवा तिथूनच सुरू होईल. 'मार्ग बदलून' म्हणजे ती जाईल, पण कदाचित तुमचं स्टेशन वगळून. 'वेळ बदलून' म्हणजे ती उशिरा निघेल. घोषणा नीट ऐकू आली नाही तर स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात जाऊन यातला नेमका कोणता प्रकार आहे ते विचारा. परतावा कसा आणि किती मुदतीत मागायचा हे त्या एका शब्दावर ठरतं.

माझं तिकीट खिडकीवर काढलेलं आहे. ते पैसे आपोआप येतात का?

नाही. खिडकीवर रोख देऊन काढलेल्या तिकिटाचे पैसे कुठे पाठवायचे हे रेल्वेला ठाऊक नसतं. तिकीट घेऊन आरक्षण केंद्रावर जावं लागतं, आणि तेही गाडी सुटण्याच्या ठरलेल्या वेळेपासून तीन दिवसांच्या आत. जिथून तिकीट काढलं तीच खिडकी हवी असं नाही, कुठलंही संगणकीकृत आरक्षण केंद्र चालतं.

ही तीन दिवसांची मुदत मला कायम खटकते. ज्या पुरामुळे गाडी रद्द झाली, त्याच पुरात माणसाच्या गावाचा रस्ता बंद असतो. आरक्षण केंद्र तालुक्याच्या ठिकाणी, आणि तिथे जाणारी एसटी थांबलेली. अशा वेळी तीन दिवस डोळ्यांदेखत निघून जातात. कोविडच्या काळात रेल्वेने २१ मार्च ते ३१ जुलै २०२० मधल्या प्रवासांच्या तिकिटांसाठी ही मुदत वाढवत वाढवत नऊ महिन्यांपर्यंत नेली होती. मनात आणलं तर मुदत वाढवता येते, हे तेव्हा दिसलं. पूरग्रस्त तालुक्यांसाठी हीच सवलत दर पावसाळ्यात आपोआप लागू व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मुदत हुकली तर तिकीट फाडून टाकू नका. जवळच्या स्टेशनात तिकीट जमा करून टीडीआर, म्हणजे तिकीट जमा केल्याची पावती घ्या आणि ती जोडून विभागीय रेल्वेच्या परतावा कार्यालयाकडे अर्ज करा. वेळ लागेल, पण दार उघडं राहतं.

एजंटाकडून ऑनलाइन तिकीट काढलं होतं. पैसे कोणाकडे जातात?

मागच्या पावसाळ्यात एका स्टेशनच्या आरक्षण खिडकीवर माझ्या पुढे एक आजोबा उभे होते. डोक्यावर पांढरी टोपी, हातात दुधाच्या पिशवीत घडी करून ठेवलेला छापील कागद. पाऊण तास रांगेत काढून नंबर आला. खिडकीतल्या बाईंनी कागद उलगडला, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, 'बाबा, हे ऑनलाइनचं आहे, इथे पैसे मिळत नाहीत. खात्यात येतील.' आजोबांनी विचारलं, 'कोणाच्या खात्यात?'

हा प्रश्न अगदी बरोबर होता. ज्या खात्यातून पैसे भरले गेले, परतावा त्याच खात्यात जातो. एजंटाने तिकीट काढलं तर परतावा एजंटाकडे जातो आणि त्याने तो तुम्हाला द्यायचा असतो. यासाठी आयआरसीटीसीने ऑक्टोबर २०१९ पासून अधिकृत एजंटांच्या तिकिटांना ओटीपीची सोय केली आहे. परतावा निघाला की प्रवाशाच्या मोबाइलवर रक्कम आणि ओटीपी येतो. तो ओटीपी एजंटाला सांगायचा आणि रक्कम हातात घ्यायची. म्हणजे किती पैसे परत आले हे तुम्हाला नक्की कळतं.

पण ही सगळी व्यवस्था एका गोष्टीवर टेकलेली आहे: तिकिटावर मोबाइल नंबर तुमचा हवा. बरेच एजंट सवयीने स्वतःचाच नंबर टाकतात. मग गाडी रद्द झाल्याचा मेसेजही त्यांना जातो आणि ओटीपीही त्यांनाच. त्या आजोबांच्या कागदावर असाच कोणा दुसऱ्याचा नंबर होता. आम्ही तिथल्या बाकावर बसून त्यावर फोन लावला, एजंटाने उचलला, आणि 'आले की देतो' म्हणाला. तिकीट काढतानाच सांगा, 'नंबर माझा टाका', आणि छापील कागदावर तो तपासून घ्या.

पूर्ण पैसे म्हणजे पूर्ण? माझे थोडे कमी आले.

भाडं पूर्ण येतं. आयआरसीटीसीचं सुविधा शुल्क परत येत नाही. वातानुकूलित नसलेल्या वर्गाला १५ रुपये आणि वातानुकूलितला ३० रुपये, त्यावर जीएसटी. यूपीआयने भरलं असेल तर १० आणि २०. शिवाय बँकेने व्यवहारासाठी काही आकारलं असेल तर तेही गेलं. एका तिकिटावर रक्कम लहान दिसते, पण गाडी रेल्वेने रद्द केली असताना ती प्रवाशाने का सोसायची, याचं पटेल असं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

पैसे साधारण आठवड्याभरात खात्यात दिसतात. त्यानंतरही आले नाहीत, तर आयआरसीटीसीच्या खात्यात परताव्याची स्थिती बघा आणि तिथला संदर्भ क्रमांक घेऊन बँकेत जा. क्रमांकाशिवाय गेलात तर बँक रेल्वेकडे बोट दाखवते आणि रेल्वे बँकेकडे.

तात्काळचं तिकीट होतं.

गाडी रद्द झाली तर तात्काळचंही पूर्ण भाडं मिळतं. 'तात्काळला परतावा नाही' हा नियम तुम्ही स्वतः कन्फर्म तिकीट रद्द केल्यास लागतो. वेटिंग आणि आरएसीवाल्यांनाही रद्द गाडीचं पूर्ण भाडं परत मिळतं.

गाडी रद्द नाही, पण पाच तास उशिरा आहे. जायचंच नसेल तर?

तुम्ही जिथून चढणार त्या स्टेशनवर गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि तुम्हाला जायचं नसेल, तर पूर्ण भाडं परत मिळतं. तात्काळलाही हे लागू आहे. पण अट कडक आहे. ई-तिकीट असेल तर गाडी तुमच्या स्टेशनवरून प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर भरलेला हवा. खिडकीचं तिकीट असेल तर त्याआधी ते खिडकीवर परत केलेलं हवं. गाडी हलली की हक्क संपला.

इथे एक खाचखळगा आहे. ॲपवर 'साडेतीन तास उशीर' दिसतो, तुम्ही टीडीआर भरता आणि घरी जाता. गाडी वाटेत वेळ भरून काढते आणि दोन तास पन्नास मिनिटं उशिरा येते. टीडीआर फेटाळला जाणार. त्यामुळे उशीर तीनच्या आसपास रेंगाळत असेल, तर गाडी मागच्या मोठ्या स्टेशनवरून निघेपर्यंत थांबून मग ठरवा. आणि ॲपवर उशीर दाखवणाऱ्या पानाचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंतर तो फार उपयोगी पडतो.

टीडीआर भरायचा म्हणजे नेमकं काय?

आयआरसीटीसीच्या तुमच्या खात्यात प्रवासाच्या नोंदींमध्ये पीएनआर निवडून 'टीडीआर' वर जायचं, कोणते प्रवासी ते टिचकी मारून निवडायचं आणि यादीतून कारण निवडायचं. कारण अचूक निवडा. अर्ज ज्या रेल्वे विभागाकडे जातो, तिथे गाडीच्या नोंदींशी तेच कारण ताडून बघतात आणि चुकीचं निवडलं तर खरा दावाही फेटाळला जातो. आयआरसीटीसी फक्त अर्ज पुढे पाठवते, निर्णय रेल्वेचा. दोन महिने तरी धरून चाला.

गाडी दुसऱ्या मार्गाने नेली किंवा अर्ध्यात थांबवली. तेव्हा?

मार्ग बदलला आणि तुम्ही गेलाच नाहीत, तर गाडी सुटण्याच्या ठरलेल्या वेळेपासून ७२ तासांत टीडीआर भरा. नव्या मार्गात तुमचं चढायचं किंवा उतरायचं स्टेशनच नसेल, तरीही तसंच.

अर्ध्यात थांबवली तर रेल्वेने पुढे काय केलं यावर सगळं अवलंबून आहे. बस किंवा दुसरी गाडी देऊन तुम्हाला मुक्कामाला पोहोचवण्याची सोय रेल्वे करू शकली नाही, तर झालेल्या प्रवासासकट संपूर्ण भाडं परत. सोय केली आणि तुम्ही ती नाकारलीत, तर झालेल्या अंतराचं भाडं ठेवून उरलेलं परत. म्हणून वैतागून स्टेशनाबाहेर पडण्याआधी टीसींना किंवा स्टेशन मास्तरांना स्पष्ट विचारा, 'पुढची काही सोय केली आहे का?' उत्तर 'नाही' असेल तर ते रेल मदद ॲपवर तक्रारीच्या रूपाने तिथल्या तिथे नोंदवा. तक्रार क्रमांक आणि वेळ हाच तुमचा पुरावा.

पहिली गाडी उशिरा आली आणि पुढची चुकली.

१ एप्रिल २०१९ पासून दोन पीएनआर जोडण्याची सोय आहे. प्रवाशांची नावं दोन्हींवर सारखी हवीत आणि पहिल्या गाडीतून जिथे उतरता तिथूनच दुसरी पकडायची हवी. पीएनआर जोडलेले असतील आणि पहिली गाडी उशिरा पोहोचल्याने दुसरी चुकली, तर दुसऱ्या गाडीचं भाडं न कापता मिळतं. त्यासाठी पहिली गाडी प्रत्यक्ष पोहोचल्यापासून तीन तासांत दावा करायचा.

कोल्हापूरहून मुंबईला येऊन पुढे दिल्ली किंवा कोलकात्याची गाडी धरणाऱ्यांनी हे आवर्जून करावं. तिकीट काढतानाच जोडायचं असतं. दोन गाड्यांमध्ये दीडच तास ठेवून घाट उतरणाऱ्या गाडीवर भरवसा ठेवू नका, पावसाळ्यात तर नाहीच.

रेल्वे दुसऱ्या गाडीत जागा देते का?

देत नाही. माझ्या मते व्यवस्थेतली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे.

अनेकांना वाटतं की 'विकल्प' योजना यासाठी आहे. तसं नाही. ज्यांचं तिकीट वेटिंगवर राहिलं त्यांना दुसऱ्या गाडीत रिकामी जागा देण्यासाठी ती आहे. गाडीच रद्द झाली तर कन्फर्म तिकीटवालाही पैसे परत घेऊन रांगेच्या शेवटी उभा राहतो. दोन महिने आधी काढलेलं साडेचारशेचं तिकीट रद्द होतं, पैसे प्रामाणिकपणे परत येतात, आणि त्या रात्री खासगी बसचा दर तिप्पट झालेला असतो. हिशोबाच्या वहीत रेल्वेचं देणं फिटलेलं असतं. माणूस मात्र अजून फलाटावरच असतो.

हातात असलेले पर्याय थोडेच: त्याच दिशेच्या दुसऱ्या गाडीचं तात्काळ, चार्ट लागल्यावर उरलेल्या जागा, आणि एसटी. चार्ट लागल्यानंतरच्या रिकाम्या जागा आयआरसीटीसीवर दिसतात. चार जण असाल तर एकाच गाडीत चारी जागा शोधत बसू नका, दोन-दोन करून निघा.

गाडी वाटेत अडकली तर जेवणखाण, राहणं कोणाची जबाबदारी?

कागदावर हक्क म्हणून फारसं काही नाही. राजधानी, शताब्दी, दुरांतोसारख्या गाड्यांत उशीर झाल्यावर चहा-नाश्ता किंवा जेवण देण्याची पद्धत आहे. बाकी गाड्यांत जे घडतं ते तिथल्या माणसांच्या कर्तबगारीवर.

आणि ती कर्तबगारी मोठी असते, हेही सांगितलं पाहिजे. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली. रात्रीपासून आत हजारावर माणसं, रुळांच्या दोन्ही बाजूंना पाणी. एनडीआरएफ, नौदल, हवाई दल, स्थानिक गावकरी सगळे धावले, रबरी होड्यांतून लोकांना बाहेर काढलं, आणि सगळे सुखरूप निघाले. त्यानंतर कल्याणहून कोल्हापूरसाठी खास गाडी सोडण्यात आली. नुसतं वाचवून थांबले नाहीत, मुक्कामापर्यंत न्यायची जबाबदारी घेतली. असं दर वेळी व्हायला हवं.

कोकण रेल्वेवर १४ जुलै २०२४ ला संध्याकाळी खेडजवळ दिवाणखवटीत दरड कोसळली. वाहतूक जवळजवळ एक दिवस ठप्प होती. वाटेत थांबलेल्या गाड्यांमधल्या प्रवाशांसाठी एसटीच्या बस लावल्या गेल्या. त्याच्या पाचच दिवस आधी पेडण्याच्या बोगद्यात पाणी येऊन गाड्या रद्द झाल्या होत्या. कोकणात जाणाऱ्यांनी म्हणूनच पावसाळ्यात एक जेवण, दोन लिटर पाणी, औषधांचा दोन दिवसांचा जादा साठा आणि मोबाइलची बॅटरी बरोबर ठेवावी. लहान मूल असेल तर दुधाची पावडर. माझी आई प्रवासाला निघताना दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची, आणि त्या दोन दिवस टिकायच्या.

उशिराबद्दल किंवा रद्द गाडीबद्दल नुकसानभरपाई मिळते का?

परतावा आणि भरपाई हे वेगळं. परतावा म्हणजे तुमचेच पैसे तुम्हाला. भरपाई म्हणजे तुमचं जे बुडालं त्याची भर. भारतीय रेल्वेच्या नियमांत उशिरासाठी ठरावीक भरपाई नाही. आयआरसीटीसी चालवत असलेल्या तेजस गाड्यांमध्ये ती होती: एक तासावर उशीर झाला तर १०० रुपये, दोन तासांवर २५० रुपये. लखनौ–नवी दिल्ली आणि अहमदाबाद–मुंबई या दोन मार्गांवर ती मिळत असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती बंद झाली.

पण न्यायालयाचा रस्ता खुला आहे. २०१६ च्या जून महिन्यात एक कुटुंब अजमेर–जम्मू गाडीने निघालं. गाडी जम्मूला सकाळी ८.१० ला पोहोचायची होती, ती पोहोचली बाराच्या सुमाराला. श्रीनगरचं विमान चुकलं, टॅक्सी करावी लागली. प्रकरण ग्राहक मंचापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. गाडी वेळेवर पोहोचण्याची हमी आमचे नियम देत नाहीत, असं रेल्वेचं म्हणणं होतं. ६ सप्टेंबर २०२१ ला न्यायालयाने ते नाकारलं. उशिराचं कारण आपल्या हाताबाहेरचं होतं हे रेल्वेने दाखवून द्यावं, नाहीतर भरपाई द्यावी, असा तो निकाल आहे. टॅक्सीचे १५ हजार, बुडालेल्या बुकिंगचे १० हजार, शिवाय मनस्ताप आणि खटल्याचा खर्च म्हणून पाच-पाच हजार रुपये मंजूर झाले.

याचा अर्थ नीट समजून घ्या. पूर, दरड, अपघात यांनी गाडी थांबली तर भरपाई मिळणं अवघड. कारणच दिलं नाही, किंवा दिलेलं कारण टिकलं नाही, तर दावा मजबूत. म्हणून कारण लेखी मिळवा. दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात ती गाडी त्या तारखेला कुठे, किती वाजता आणि कशामुळे थांबली किंवा का रद्द झाली हे विचारता येतं.

दावा नेमका कुठे करायचा?

फक्त भाड्याचा परतावा अडला असेल, तर रेल्वे दावा न्यायाधिकरण. त्याची खंडपीठं महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूरला आहेत. सेवेतल्या त्रुटीमुळे दुसरं नुकसान झालं असेल, तर तुमच्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील सक्तीचा नाही. तिकीट, स्क्रीनशॉट, रेल मददचा तक्रार क्रमांक, टॅक्सीची आणि हॉटेलची बिलं तारखेप्रमाणे लावून न्या.

त्याआधी रेल मददवर तक्रार करून उत्तराची वाट बघा. स्टेशनवर तक्रार वही मागायचा हक्कही अजून आहे, आणि खेड्यापाड्यातल्या माणसाला तीच जवळची वाटते.

तिकिटासोबत ४५ पैशांचा विमा घेतला होता. त्यातून काही मिळेल?

नाही. तो अपघातातल्या मृत्यू, अपंगत्व आणि दवाखान्याच्या खर्चासाठी आहे. घ्या जरूर, आणि वारसाचं नाव भरा. ते बहुतेक जण भरत नाहीत.

मुंबईच्या लोकलचं काय? मेगाब्लॉकमध्ये दिवस वाया जातो.

पासधारकाला ब्लॉकच्या दिवसाचे पैसे परत मिळत नाहीत. २०२४ च्या मे अखेरीस ठाणे आणि सीएसएमटीच्या फलाटांच्या कामासाठी ६३ तासांचा ब्लॉक घेतला, तेव्हा ९०० हून जास्त लोकल फेऱ्या रद्द झाल्या. काम गरजेचं होतं. ठाण्याचा तो अरुंद फलाट रोज जिवावर बेतत होता. पण ज्यांची रोजंदारी बुडाली त्यांना काय मिळालं, याची नोंद कुठल्याही हिशोबात नाही. रविवारच्या ब्लॉकचं वेळापत्रक शनिवारी जाहीर होतं, ते बघूनच बेत करा. लांब पल्ल्याची गाडी धरायला निघणार असाल तर त्या दिवशी किमान दीड तास जास्त हाताशी ठेवा. लोकल बंद होती म्हणून एक्स्प्रेस चुकली, तर परतावा नाही.

पाऊसपाणी काही नसताना गाडी का रद्द होते?

बहुतेक वेळा दोन कारणं. एक म्हणजे दुहेरीकरण, नवा फलाट, सिग्नल बदलणं अशी कामं. ही आधी जाहीर होतात. दुसरं म्हणजे रेक, म्हणजे गाडीच्या डब्यांचा अख्खा संच. एकच रेक जाताना एक गाडी असतो आणि येताना दुसरी. तिकडून निघालीच नाही तर इकडून कशाने निघणार? म्हणून सोमवारी उत्तरेत काही घडलं तर बुधवारी तुमच्या स्टेशनवरून सुटणारी गाडी रद्द होते, आणि आपल्याला आभाळ निरभ्र दिसत असतं. तुमच्या गाडीचा रेक कोणत्या गाडीचा येतो हे एकदा स्टेशनवर विचारून ठेवा. त्या गाडीवर नजर ठेवलीत की आपल्या गाडीचं काय होणार ते मेसेज येण्याच्या आदल्या दिवशीच कळतं.

परदेशात कसं असतं?

जर्मनीत शिकणाऱ्या आपल्या मुलांना हे चांगलं माहीत आहे. युरोपीय संघाच्या नियमांत गाडी रद्द झाली किंवा तासाभराहून जास्त उशीर होणार असेल, तर प्रवाशाला निवड मिळते: पैसे परत घ्या किंवा दुसऱ्या गाडीने मुक्कामाला पोहोचा. एक तास उशिरा पोहोचल्यास भाड्याच्या २५ टक्के भरपाई, दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाल्यास ५० टक्के. रात्र काढावी लागली तर शक्य असेल तिथे राहायची सोयही रेल्वेची. २०२३ च्या जूनपासून असाधारण हवामानासारख्या कारणांना भरपाईतून सूट आहे, पण पुढे पोहोचवण्याची जबाबदारी त्यातूनही सुटत नाही. आपल्याकडे मागायची असेल तर पहिली गोष्ट हीच मागावी: परतावा नको असेल त्याला त्याच तिकिटावर पुढच्या गाडीत जागा.

रात्री अकराला गाडी रद्द झाली, बरोबर म्हातारी आई आहे. पहिल्या तासात काय करू?

आधी आईला प्रतीक्षालयात बसवा. रद्द गाडीचं तिकीट दाखवून आत जाता येतं, कोणी अडवलं तर स्टेशन मास्तरांना सांगा. मग आयआरसीटीसीवर किंवा स्टेशनच्या कार्यालयात विश्रामगृहाची खोली आहे का बघा. त्यासाठी पीएनआर लागतो, म्हणून तिकीट खिडकीचं असेल तर ते परत करायच्या आधी खोली घ्या. आपत्कालीन मदत लागली किंवा तब्येत बिघडली तर १३९ वरच सांगा, डॉक्टरसाठीही तोच नंबर आहे. त्यानंतर पहाटेच्या गाड्या आणि एसटी शोधा. पैशांचं सगळ्यात शेवटी. ई-तिकिटाचे आपोआप येतील, आणि खिडकीच्या तिकिटाला तीन दिवस आहेत. तिकीट तेवढं कोरडं ठेवा.